चालायला हक्काची जागा

“डॉक्टरसाहेब, तुम्ही रोज चाला म्हणता, पण चालायचं कुठं?” एका निवृत्त गुरुजींनी हा प्रश्न केला आणि औषधाच्या चिठ्ठीवर माझी लेखणी थांबली. गुरुजींचे वय ७४, मधुमेह जुना. मुंबईला लेकीकडे चार महिने राहिले, तेव्हा त्यांची साखर गोळ्या न वाढवता आटोक्यात आली होती. बीडला परतल्यावर काही महिन्यांतच ती पुन्हा चढली. औषधे तीच, आहारही जवळपास तोच. मुंबईत ते रोज सकाळी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर चालत असत. इथे मात्र दुचाकीचा धक्का लागेल या भीतीने त्यांनी चालणेच सोडले होते.

पुढे मुंबईस जाणे झाले तेव्हा ती जागा पाहण्यासाठी मी मुद्दाम पहाटे गेलो. चहूबाजूंनी उंच इमारती आणि मध्ये विस्तीर्ण हिरवळ. समुद्राकडून येणारा वारा, पायाखाली मऊ माती आणि वाहनांचा आवाज दूर कुठेतरी. काठी टेकत चालणाऱ्या एक आजी, त्यांच्या मागे अंतर राखून चालणारा नातू, बाकावर दम घेणारे दोन मित्र. गुरुजींची साखर का उतरली, ते वेगळे सांगावे लागले नाही.

ही जागा १८८३ पासून घोड्यांच्या शर्यतींची. सुमारे २११ एकरांच्या या मैदानाचा भाडेपट्टा १९१४ चा होता. ९९ वर्षांची ती मुदत २०१३ मध्ये संपली. त्यानंतर पुष्कळ वाद झाले आणि २०२४ मध्ये १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी मुंबई महानगरपालिकेकडे देण्याचा व ९१ एकर रेसकोर्ससाठी ठेवण्याचा निर्णय झाला. सागरी किनारा मार्गालगतच्या मोकळ्या जागेशी जोडून सुमारे ३०० एकरांचे उद्यान करण्याची योजना आहे. सामान्य माणसे येथे पूर्वीही चालत होती. पण ती ठरावीक वेळी, परवानगीने. उद्यान झाले म्हणजे ते चालणे हक्काचे होईल. या मोकळ्या जागेवर बांधकाम होऊ नये, असा आग्रह नागरिकांनी धरला आहे, तोही याच हक्कासाठी.

तो आग्रह अनाठायी नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहराच्या मध्याजवळ व्हिक्टोरिया पार्क नावाचे गोल्फचे मैदान होते. २०२१ मध्ये तेथील गोल्फ बंद करून ६४ हेक्टर जागा सर्वांसाठी उद्यान म्हणून खुली करण्यात आली. मात्र मार्च २०२५ मध्ये, २०३२ च्या ऑलिंपिकसाठी तेथेच भव्य स्टेडियम उभारण्याचा निर्णय तेथील राज्य सरकारने जाहीर केला. मोकळी जागा मिळवावी लागते, तशी ती सांभाळावीही लागते.

उद्यान पाहताना वैद्यकाची नजर मात्र फुलझाडांवर थांबत नाही. फाटकापासून बसथांबा किती दूर आहे? वाट सपाट आहे, की मध्येच पायरी आहे? थोड्या थोड्या अंतरावर बाक आहे का आणि त्याला हात आहेत का? गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना हातांचाच आधार लागतो. स्वच्छतागृह जवळ आहे का? प्रोस्टेटचा त्रास असणारे गृहस्थ, लघवी वाढवणारी गोळी घेणारे रक्तदाबाचे रुग्ण आणि लघवीचा वेग न आवरणाऱ्या कितीतरी स्त्रिया केवळ याच अडचणीमुळे घराबाहेर पडत नाहीत. लाजेपोटी हे कोणी सांगत नाही; विचारल्याशिवाय कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सुचवते. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करावेत, असे सांगते. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाचे चालणे म्हणजे मध्यम गती. ही गती रहदारीच्या कडेने साधत नाही.

आपल्या बीडलाही ओसाड जागा हिरवी करता येते, हे आपण पाहिले आहे. पालवणच्या उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने सह्याद्री देवराई उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद वटवृक्षाला देण्यात आले होते. परंतु डोंगरावरची देवराई गुडघ्यांनी थकलेल्या माणसाला रोज गाठता येत नाही. त्याला घरापासून पाच मिनिटांवर जागा हवी.

मोठ्या मंजूर लेआउटमध्ये अशी मोकळी जागा नकाशावर राखलेली असते. अनेक ठिकाणी तिच्यावर काटेरी झुडपे, कचरा किंवा कुणाची तरी वाहने असतात. आपल्या वसाहतीचा नकाशा मिळवावा, ती जागा पाहून यावी आणि एक सपाट वाट, चार बाक, सावलीची झाडे व एक स्वच्छतागृह एवढीच मागणी सर्वांच्या सह्यांनी नगरपरिषदेकडे करावी. घरातील तरुणांनी हा अर्ज लिहून दिला, तर आई-वडिलांच्या औषधांइतकीच ती सेवा ठरेल.

तोवर गुरुजी जवळच्या शाळेच्या मैदानावर, घंटा होण्यापूर्वी चालतात. पायात घट्ट बसणारे बूट, खिशात साखरेची पुडी आणि सोबतीला शेजारचे एक गृहस्थ. परवानगी तोंडी आहे. वसाहतीच्या मोकळ्या जागेसाठीचा अर्ज मात्र लेखी दिला आहे, आणि त्यावरील पहिली सही गुरुजींची आहे.