फळ्यावरचा त्रिकोण

बंगळूर, चैत्र शुद्ध नवमी

ती. ताईस सा. न.

सुखरूप पोचलो. खोली चिकपेटेच्या मागच्या गल्लीत मिळाली. पंखा कुरकुरतो, पण ढेकूण नाहीत. निघताना तू कुरकुरत होतीस, की इजिप्तचा तो त्रिकोण दरवर्षी फळ्यावर काढून कंटाळा आलाय: टोकाला फॅरो, खाली वजीर नि पुरोहित, मग लेखनिक, सैनिक, कारागीर आणि तळाला शेतकरी, गुलाम. इथे आल्यापासून मला तोच त्रिकोण जमिनीवर आडवा पसरलेला दिसतोय.

केंपेगौडानं १५३७ मध्ये हे गाव वसवलं. पुण्यात आपण पेठांना वारांची, सरदारांची नावं दिली. धंदा शोधायला तांबट आळीत, बोहरी आळीत शिरावं लागतं. इथे अख्खी पेठच धंद्याच्या नावाची. अक्कीपेट तांदळाची, अरळेपेट कापसाची, बळेपेट बांगड्यांची, कुंबारपेट कुंभारांची, गाणिगरपेट तेल्यांची. (गाणिगर म्हणजे घाणेवाला. शब्द ओळखीचा वाटतो की नाही?) म्हणजे माणसाला पत्ता विचारला की जात आपोआप कळायची. १६३८ नंतर हे गाव शहाजीराजांच्या जहागिरीत आलं तेव्हा पेठा शंभरीला पोचल्या होत्या. पुढे मोगल आले, वोडेयर आले. धनी बदलत गेले, पेठांची नावं मात्र बहुतेक तीच राहिली.

काल कुंबारपेटेत मडकं शोधत तासभर फिरलो. बादल्या, मगे, नळाच्या तोट्या, सगळं मिळालं. डोक्यावर पेटारा घेतलेला हमाल ‘सैडू, सैडू’ ओरडत मला गटाराच्या कडेला ढकलून गेला. मडकं नाहीच.

तुझा,
बंडू


चैत्र शुद्ध त्रयोदशी

ती. ताईस सा. न.

कुंभार सापडले! जुन्या गावात नाही, पार छावणीच्या बाजूला, पॉटरी टाऊन नावाच्या वस्तीत. इंग्रजांनी १८०९ मध्ये वेगळी छावणी वसवली. पेठा एकीकडे, साहेब दुसरीकडे, आणि कारभार एक व्हायला १९४९ उजाडलं. तिथे एक म्हातारे आजोबा चाकावर बसले होते. मातीच्या गोळ्यात अंगठा घातला, आणि बघता बघता त्याची मान वर आली. दोऱ्यानं कापून त्यांनी मडकं अलगद उचललं, तेव्हा ते थरथरत होतं, नुकत्या जन्मलेल्या वासरासारखं.

आता तुझ्या इजिप्तकडे येतो. सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीचं एक लिखाण आहे: एक बाप मुलाला लेखनिकांच्या शाळेत घालायला नावेतून नेतो आणि वाटेत कुंभार, न्हावी, धोबी, विणकर, एकाही धंद्याला नावं ठेवायची सोडत नाही. वर्गात हे सांगितलंस तर पोरं हसतील. त्यांच्या घरीही हेच चालतं! पण एक ध्यानात घे, हे लिहिलंय लेखनिकानंच. कुंभाराला विचारलंय कुणी?

म्हणून जोडीला देर अल-मदीना सांग. राजांच्या थडग्यांत कोरणारे, रंगवणारे कारागीर तिथे कुंपणाच्या भिंतीआड राहायचे. एका धंद्याची एक वस्ती, म्हणजे इजिप्तची पेठच. पगार धान्यात मिळायचा. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी धान्य थकलं, तेव्हा त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि देवळाशी जाऊन ठाण मांडलं. नोंदवलेला हा पहिला संप मानतात. शिवाय फावल्या वेळात हेच लोक स्वतःची थडगी रंगवायचे, आणि राजांच्या थडग्यांपेक्षा त्यात घरगुती आयुष्य जास्त दिसतं. तुझ्या त्रिकोणात या मंडळींना एक आडवी रेघ मिळते, बस.

बंडू


चैत्र वद्य प्रतिपदा, सकाळ

ती. ताईस सा. न.

रात्रभर जागा आहे, अक्षर लागलं नाही तर समजून घे. काल पौर्णिमेचा करगा होता. हा उत्सव तिगळांचा, म्हणजे परंपरेनं बागाईत करणाऱ्या समाजाचा. एरवी गावाला फुलं-भाजी पुरवणारे हे लोक. पण या एका रात्री वाट त्यांची आणि बाकी सगळं गाव कडेला. मध्यरात्र उलटल्यावर धर्मराय देवळातून करगा निघतो. वाहणारा पुरुष साडी-बांगड्या ल्यालेला, द्रौपदीच्या रूपात. डोक्यावर मोगऱ्यानं मढलेला उंच करगा, म्हणजे घट, आणि त्याला हात लावायचा नाही. भोवती नंग्या तलवारी घेतलेले वीरकुमार. मोगऱ्याचा वास आधी येतो, माणूस मागून.

करगा पेठांमधून फिरत फिरत अरळेपेटेतल्या तवक्कल मस्तान दर्ग्याशी जाऊन येतो. हे कुणी कागदावर ठरवून दिलेलं नाही, पण चुकतही नाही. माझ्या शेजारी एक साड्यांचा व्यापारी उभा होता, गळ्यात सोनं, मनगटावर भलं घड्याळ. करगा समोर आल्यावर त्यानं चपला काढल्या आणि चिखलात उभा राहिला. हे त्रिकोणात कुठे बसवायचं ते तू ठरव, मास्तरीण तू आहेस.

परवा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघतोय. आजोबांकडून एक मडकं घेतलंय, धोतरात गुंडाळून पिशवीत ठेवलंय. तुझी मनू स्टेशनवर आलीच तर तिच्या हातात बॅग देईन, मडकं नाही.

बंडू