काळी स्क्रीन: काही टिपणे

लिनक्स अपडेट केलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि स्क्रीन काळी. कार्ड जळालं असं समजून दुकान गाठू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. लॉगिन विचारणारी अक्षरं उमटली तर कर्नल शाबूत आहे, बिघाड ग्राफिक्सचा आहे.

•

अक्षरंही आली नाहीत तर ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबायचं, ‘लिनक्स’पासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहायचं आणि एफ१० दाबायचं. मग सहसा ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला राहतो आणि फर्मवेअरने दिलेल्या साध्या डिस्प्लेवर काम भागतं. हा बदल त्या एका बूटपुरता असतो. काही जण तो ग्रबच्या फाइलीत कायमचा लिहून टाकतात आणि मग व्हिडिओ अडखळतो म्हणून कुरकुरतात. अडखळणारच, सगळं चित्र प्रोसेसर एकटा काढतोय!

•

पहिला प्रश्न एकच: कार्ड सध्या कोण चालवतंय? ‘एलएसपीसीआय’ला ‘के’चा पर्याय जोडला की कार्डाखाली ड्रायव्हरचं नाव येतं. इंटेलला बहुधा आय९१५, नव्या एएमडीला एएमडीजीपीयू, एनव्हिडियाला नूव्हो किंवा कंपनीचा स्वतःचा. आणि ‘जीएलएक्सइन्फो’मध्ये रेंडररपुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं, तर कार्ड बसून पगार खातंय. हे न बघता ड्रायव्हर काढ-घाल करणाऱ्यांचा निम्मा दिवस फुकट जातो.

•

एनव्हिडियाचं दुखणं वेगळं. तिचा स्वतःचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसतो, बाहेरून येतो. उबुंटू तयार मॉड्यूलही देतं, पण डीकेएमएस वापरत असाल तर दर नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा तयार व्हावं लागतं. त्याला त्याच कर्नलच्या हेडर फाइली लागतात. त्या नसल्या की मॉड्यूल बनत नाही, आणि अपडेटच्या शंभर ओळींत ती एक तक्रार कोण वाचतो? ग्रबमधून जुना कर्नल निवडा, तो चालला तर निदान झालंच. हेडर बसवा, मॉड्यूल पुन्हा बनवा.

सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. म्हणून इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन तोच विचारते. तिथे घाईने ‘कंटिन्यू बूट’ निवडलं की सहीची किल्ली नोंदलीच जात नाही.

•

२०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला, तोही ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांसाठी. ओपनजीएल आणि व्हल्कनचा वरचा भाग बंदच राहिला.

नूव्होला लोक नावं ठेवतात, ते मला पटत नाही. कार्डाला कोणत्या आज्ञा जातात हे बाहेरून न्याहाळत लिहिलेला हा ड्रायव्हर २०१० मध्ये २.६.३३ कर्नलमध्ये आला. जीटीएक्स ९०० मालिकेपासून कार्ड फक्त कंपनीच्या सहीचं फर्मवेअर मानू लागलं, त्यामुळे नूव्होला क्लॉक वाढवता येईना. कार्ड रखडलं आणि बोल मात्र नूव्होला लागला.

•

एनव्हिडियाचं जुनं कार्ड, नवा ड्रायव्हर: जमत नाही. फर्मी पिढीला ३९०, केपलरला ४७० मालिका.

•

एनव्हिडियाच्या साइटवरची ‘रन’ फाइल चालवून वर डिस्ट्रोचं पॅकेजही बसवू नका. दोन्हींच्या लायब्ररी एकमेकींवर चढतात.

•

मदत मागताना ‘स्क्रीन काळी आहे’ एवढंच सांगून कोणाला काही कळत नाही. ‘जर्नलसीटीएल’ला मागच्या बूटची नोंद विचारा, कार्ड, कर्नल आणि ड्रायव्हरची आवृत्ती द्या.

•

आणि लॅपटॉप लिनक्ससाठीच घ्यायचा असेल, एनव्हिडियाच्या कुडाची गरज नसेल, तर इंटेल किंवा एएमडी ग्राफिक्सचा घ्या. एएमडीजीपीयू २०१५ पासून कर्नलमध्येच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.