चौरस किलोमीटरला माणसं किती?

'गडचिरोली' या शब्दाला आमच्या बँकेत एकच अर्थ: बदली. हेड कॅशियरसाहेबांना तो कागद मिळाला आणि त्यांचा चेहरा बुडीत कर्जासारखा झाला. मी पडलो कॉमर्सचा. धीर दिला तोही आकड्यांतच. "अहो, जिल्हा जवळजवळ नाशिकएवढाच! फक्त २०११ च्या शिरगणतीत इथे चौरस किलोमीटरला ३९३ माणसं, तिथे ७४. फिनलंडच्या लॅपलंडात तर धड दोनही नाहीत. वर निफाडला लाजवील अशी थंडी!"

महिन्याने त्यांचा फोन आला. "इथे टोकन नंबर नाही हो, नावानं ओळखतात. एक दिवस रजा काढली, तर चौघं घरी विचारायला!"

गेल्याच आठवड्यात मी तीन दिवस तापाने अंथरुणात होतो. ३९३ जणांनी मिळून चौकशी केली म्हणे: "ही खिडकी कधी उघडणार?"