वस्तीचा पुलर

हातोडा सगळ्यांकडं असतो. रिक्षाच्या सीटखाली, दाराच्या मागं, कुठंतरी असतोच. पुलर नसतो. म्हणून आमच्या वस्तीत गाडीची अडकलेली वस्तू निघते ती ठोकून. बेअरिंग ठोका, पुली ठोका, मॅग्नेट ठोका. निघतं पण. पण निघाल्यावर हातात काय राहतं? तडा गेलेलं कडं, चेपलेले आटे, वाकलेला शाफ्ट. वस्तू शंभराची, नुकसान हजाराचं. आणि वरून ऐकायचं, ह्या लोकांना हत्यार धरता येत नाही.

दोस्तहो, हत्यार हाती येऊ तर द्या, मग बोला!

मी चिकलठाण्याच्या पुढं एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. कविता लिहितो. दोन्हीची शाळा झाली नाही, बघून बघून शिकलो. थोरला भाऊ मुकुंदवाडी ते शहागंज रिक्षा चालवतो. रिक्षा एक दिवस गॅरेजला उभी राहिली की त्या दिवसाचा धंदा बुडाला, मजुरी वेगळी द्यायची, आणि फायनान्सवाल्याचा हप्ता काही उभा राहत नाही. म्हणून आमची दुरुस्ती दारातच. लिंबाखाली पोतं अंथरायचं, घरातनं वायर ओढून बल्ब लावायचा, बसायचं. कुणाला घरी गाडी खोलणं हा रविवारचा शौक असंल. आमच्यात रात्री खोललेली गाडी सकाळी सहाला रस्त्यावर पाहिजे. कुठलं हत्यार घ्यायचं आणि कुठलं नाही, हा आमच्या पोटाचा सवाल आहे. म्हणून हे लिहितोय.

पुलर म्हणजे काय, ते आधी सांगतो. मधे लांब आट्यांचा एक बोल्ट. त्याला दोन नाहीतर तीन पाय. पायांची नखं वस्तूच्या पाठीमागं अडकवायची, बोल्टचं टोक शाफ्टच्या बरोबर मधोमध टेकवायचं, आणि पान्यानं बोल्ट फिरवत जायचं. बोल्ट शाफ्टला ढकलतो, पाय वस्तूला ओढतात. घाव नाही, आदळआपट नाही.

हिशेब करून बघा. पाना २० सेंटिमीटर लांब असला तर एका फेऱ्यात हात सव्वाशे सेंटिमीटर फिरतो. आट्यांतलं अंतर २ मिलिमीटर असलं तर बोल्ट सरकतो फक्त २ मिलिमीटर. म्हणजे सव्वासहाशे पट. हातानं १० किलोचा जोर दिला तर कागदावर सहा हजार किलो होतात. त्यातलं पुष्कळ आट्यांच्या घर्षणात जातं, पाचातला एखादा भाग उरतो. तरी ओढ टनाच्या आसपास. माझ्यासारख्या पन्नास किलोच्या माणसाची! आणि ती सरळ रेषेत, सगळीकडून सारखी. हातोड्याचा घाव पडतो एका बाजूला. वस्तू तिरपी होते आणि उलट जास्तच आवळून बसते.

हे मला गॅरेजात कळलं नाही. बारावीनंतर दीड वर्ष मी एका गॅरेजात पोऱ्या होतो. गॅरेजचं नाव सांगत नाही. तिथं पाच-सहा तऱ्हेचे पुलर होते. उस्ताद ते फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायचा, किल्ली कमरेला. मॅग्नेट काढायची वेळ आली की मला हाक मारायचा, "ए, चहा सांगून ये." मी परत येईस्तवर मॅग्नेट टेबलावर आणि पुलर पेटीत. दीड वर्षात टपरीवाल्याच्या पोराबाळांची नावं मला पाठ झाली, पुलर कसा लागतो ते दिसलं नाही. एकदा म्हणलं, उस्ताद, मला दाखवा की. तर म्हणाला, "तुमच्या हाताला हातोडीच बरी." तुमच्या म्हणजे कुणाच्या, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज पण नव्हती. पहिल्या दिवशी आडनाव सांगितलं तेव्हाच माझा कप वेगळा झाला होता.

पुढं गिरणीत लागलो. तिथं मेंटेनन्सचा एक म्हातारा फिटर आहे, आम्ही त्याला मामा म्हणतो. त्यानं पहिल्याच आठवड्यात तीन पायांचा पुलर माझ्या हातात दिला. म्हणाला, "धर. चावत नाही तो." बेअरिंग काढायचं शिक्षण मला असं मिळालं.

हत्यार कुणाच्या हाती जाऊ द्यायचं, हे भांडण जुनं आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला. तिथं आपल्या माणसांना घेत नसत. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढून काढावं लागायचं. आपलं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणजे विटाळ! १९२८ च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेबांनी हा सवाल मांडला. आता हे बघा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं तोंडानं ओढायच्या धोट्यावर १९११ मध्येच बंदी घातली होती, रोग पसरतात म्हणून. म्हणजे हातानं सूत ओवायचा धोटा जगात होता. धोटा बदलला असता तर विटाळाचं निमित्तच गेलं असतं. पण धोटा बदलण्यापेक्षा माणूस बाहेर ठेवणं त्यांना सोपं वाटलं. उस्तादाच्या कमरेची किल्ली त्याच रांगेतली, फक्त लहान.

गेल्या वर्षी आम्ही आठ घरांनी वर्गणी काढली. आठही घरांत रिक्षा. सगळे पुलर घेण्याएवढे पैसे नव्हते, आणि दुकानात तर पन्नास तऱ्हा. म्हणून आधी वही घातली. वर्षभरात कुणाचं काय अडकलं, कसं काढलं, काढताना काय मोडलं. त्या वहीवरून ठरवलं. माझा पहिला सल्ला हाच. दुकानातली चमक बघून पुलर घेऊ नका. आपली गाडी कुठं अडते ते बघून घ्या.

पहिला घेतला मॅग्नेटचा. मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसतो आणि नट आवळला की तिथं रुतून बसतो. मागचं ऑइल सील गळालं, कॉइल जळाली, की काढावाच लागतो. ह्याला पायांचा पुलर लावायचा नाही. कडेला धरून ओढलं की मॅग्नेट वाकतो, आतले चुंबक सुटतात. ह्याचा पुलर नळीसारखा असतो. तो मॅग्नेटच्या मधल्या आट्यांत फिरवून बसवायचा, मग मधला बोल्ट क्रँकला ढकलतो. गाडीगणिक माप वेगळं. काहींचे आटे आतून, काहींचे बाहेरून, काहींचे उलटे. ह्या गाडीचा त्या गाडीला चालंल म्हणून जबरदस्ती केली की मॅग्नेटचे आटे गेले, मग कुठलाच पुलर धरत नाही. गाडीचं मॉडेल आणि साल सांगूनच घ्यावा. आणि लावताना हातानं शेवटपर्यंत फिरला पाहिजे. दोन आट्यांवर अडकवून ओढायचं नाही. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला, आमच्या आठातल्या सहा रिक्षा तिथल्याच, एकाच मॉडेलच्या. एका पुलरवर सहा घरांचं भागलं.

दुसरा घेतला तीन पायांचा. ह्याला दोन मापं लागतात. वस्तू किती रुंद आहे, आणि वस्तूच्या पाठीपासून शाफ्टच्या टोकापर्यंत किती खोल आहे. दोन्ही मापं सुतानं घेतली तरी चालतात. पुलर त्याहून थोडा मोठा घ्यावा. फार मोठा घेतला तर पाय फाकून राहतात आणि नखं निसटतात. बोल्टची जाडी शाफ्टच्या निम्म्याहून कमी नसावी. तीन पाय वस्तूला सारखं धरतात. जिथं तिसऱ्या पायाला जागाच नाही तिथं दोन पायांचा. आम्ही असा घेतला की एक पाय काढून दोन पायांचा करता येतो, आणि पाय उलटे लावले तर आतून पण धरता येतं. एका पैशात तीन कामं.

तिसरा स्प्लिटर. पुष्कळदा बेअरिंग खांद्याला एवढं चिकटून बसलेलं असतं की मागं नख जात नाही. स्प्लिटर म्हणजे धारेच्या दोन अर्धगोल पट्ट्या. त्या दोन्ही बाजूंनी मागं सरकवायच्या, बोल्टनं आवळायच्या, मग त्यांना धरून ओढायचं. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. बेअरिंग परत वापरायचं असंल तर जे कडं घट्ट बसलंय तेच ओढायचं. शाफ्टवर बसलं असंल तर आतलं कडं, घरात बसलं असंल तर बाहेरचं. चुकीचं कडं ओढलं तर सगळा भार गोळ्यांवर येतो, कड्याला खाचा पडतात, आणि बेअरिंग दोन दिवसांत रडायला लागतं.

चौथा घेतला नाही. बंद भोकातलं बेअरिंग काढायला सरकत्या वजनाचा पुलर असतो, आत फुलून धरणारा. महाग आहे आणि वहीत त्याची गरज वर्षात दोनदाच निघाली. त्याला उपाय उकळतं पाणी. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुलतं. घरावर उकळतं पाणी ओतलं की बेअरिंग पुष्कळदा नुसतं आपटल्यावर खाली पडतं. वस्तीत लग्नाची भाडी मारणारी एक जुनी व्हॅन आहे. तिच्या स्टीअरिंगच्या बॉल जॉइंटला चिमट्यासारखा दाबाचा पुलर लागतो. पाचर ठोकली तर जॉइंट निघतो, पण रबर फाटतं. तो व्हॅनवाल्यानं स्वतःच्या पैशानं आणला.

नवा परवडत नसंल तर जाफर गेटचा रविवारचा बाजार आहे. जुनी हत्यारं तिथं जमिनीवर मांडलेली असतात. पण डोळे उघडे ठेवा. नखं गोल झालेली असली तर घेऊ नका. बोल्ट हातानं शेवटपर्यंत फिरवून बघा, कुठं अडला की वाकलाय समजा. पायाला वेल्डिंग दिसलं तर फुकट दिला तरी घेऊ नका. घडीव पोलाद वाकतं तरी, ओतीव एकदम तुटतं आणि तुकडा तोंडावर येतो.

वापरताना बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा. पुलर पायांचा असंल तर शाफ्टचा नट पुरता काढू नका, टोकाच्या बरोबरीला आणून ठेवा. आटे वाचतात, आणि वस्तू सुटून पायावर पडत नाही. वरून पोतं टाका, डोळ्यांना चष्मा लावा, पुलरच्या समोर बसू नका. पान्याला पाइप घालून लांबी वाढवू नका. पुरता ताण आला की थांबा. तेल सोडा, बिडी ओढा, चहा प्या. मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीची हलकी टिचकी. हातोडी लागते ती एवढीच.

पेटी आता विहाराच्या व्हरांड्यात आहे. किल्ली तिथंच खिळ्याला. नियम दोन. पुलर नेला तर वहीत लिहायचं, आणि काम करताना वस्तीतलं एक तरी पोरगं शेजारी बसवायचं. चहाला पाठवायचं नाही.

गेल्या महिन्यात दहावीतल्या एका पोरीनं बापाच्या रिक्षाचा मॅग्नेट काढला. पुलर हातानं शेवटपर्यंत बसवला, बोल्ट आवळला, थांबली, टिचकी दिली. टक् झालं आणि मॅग्नेट सुटला. बाप नुसता बॅटरी धरून उभा होता. मग तिनं हात पुसले आणि वहीत तिच्या अक्षरात लिहिलं. तारीख. गाडी नंबर. मॅग्नेट काढला. काही मोडलं नाही.