फ्रेशरला काय काम द्यायचं?

मी इंजिनिअर झाले २०१९मध्ये. कॉलेजात अँड्रॉइड शिकले ते जावात. नेमक्या त्याच मे महिन्यात गूगलने जाहीर केलं, की अँड्रॉइडसाठी यापुढे आधी कॉटलिन. कॉटलिनवर जरा हात बसला तर २०२१मध्ये जेटपॅक कंपोज आलं, आणि एक्सएमएलमध्ये स्क्रीन मांडायची सवय मोडावी लागली. तक्रार नाही. या धंद्यात अधूनमधून पाटी पुसावी लागते, हे सीनिअर लोकांनी हिंजवडीतल्या टपरीवर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

नोकरीतलं माझं पहिलं काम अगदी किरकोळ होतं. फोन आडवा केला की फॉर्ममध्ये भरलेलं सगळं उडायचं. मला तीन दिवस लागले. फोन फिरवला की अँड्रॉइड ती स्क्रीन पाडून नव्याने उभी करतं, हे तेव्हा कळलं. माहिती व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवली आणि प्रश्न सुटला. पुढे महिनाभराने कळलं, की पुरता सुटलेला नाही. कमी रॅमच्या फोनवर माणूस ओटीपी बघायला बाहेर गेला, की सिस्टिम मागे राहिलेलं अ‍ॅप मारून टाकू शकते. त्याच्यासोबत व्ह्यूमॉडेलही जातं. माणूस परत येतो तर फॉर्म कोरा. पुण्यात आमच्या महागड्या फोनवर हे कधी दिसलंच नव्हतं.

आज हेच काम एआय मिनिटभरात करतं. कोड बहुतेक वेळा बरा असतो. पण ‘अ‍ॅप मागच्या मागे मेलं तर?’ हे विचारणारं कुणीतरी लागतं, आणि ते विचारायची अक्कल मला त्या तीन दिवसांनी दिली. आमच्या टीममध्ये दोन वर्षांत एकही फ्रेशर आलेला नाही. मॅनेजरचं म्हणणं, त्याला काय काम द्यायचं? हिशेब म्हणून बरोबर आहे. मला तो आखूड वाटतो. आज फ्रेशर नाही, तर पाच वर्षांनी सीनिअर कुठून आणणार?

हे सगळं मावशीला फोनवर कसं सांगायचं? ‘अगं, त्याच्या कॉलेजात कंपन्याच येत नाहीयेत. तुझ्याकडे चिकटव ना कुठेतरी.’ मावसभाऊ शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या रेझ्युमेवर अकरा सर्टिफिकेटं आणि सगळ्यांकडे असतं तसलं टू-डू अ‍ॅप. मी म्हटलं, मावशी, रेफरल टाकते, पण जागाच नाहीये. ती गप्प झाली. शैक्षणिक कर्जाचे हप्ते कधी सुरू होणार, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

त्याला मात्र सांगितलं, सर्टिफिकेटं काढून टाक. डेटा स्ट्रक्चर्स कर, त्याशिवाय इंटरव्ह्यूची पहिली फेरी निघत नाही. आणि कुणीतरी खरंच रोज वापरेल असं एक अ‍ॅप बनव. त्याने गल्लीतल्या दूधवाल्या काकांसाठी रतिबाची वही बनवली. अर्धाअधिक कोड एआयचा, हे त्यानेच सांगून टाकलं. मी म्हटलं, हरकत नाही. आता डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जा, ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ चालू कर, नोंद अर्धी भरून बाहेर जा आणि परत ये.

पाच मिनिटांत मेसेज आला. ‘ताई, सगळं उडालं.’ मी उत्तर लिहीतच होते, तेवढ्यात दुसरा आला. ‘थांब, सांगू नकोस. मी बघतो.’