दवाखान्याला हैदराबाद, फाईलला मुंबई

नांदेडच्या माणसाला मुंबईत दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "गुरुद्वारा आहे तेच ना?" दुसरा, "किती तास लागतात?" पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर देवगिरी एक्स्प्रेस त्या दिवशी किती उशिरा धावते यावर अवलंबून. सुमारे सहाशे किलोमीटर, म्हणजे अख्खी रात्र. २०२५ पासून वंदे भारतही नांदेडपर्यंत येते, पण तिचं तिकीट उर्दू शाळेतल्या शिक्षिकेनं पुन्हा पुन्हा काढावं असं नाही.

माझे दादाअब्बा मुंबईला कधीच गेले नाहीत. ते शिकले तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होतं. शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत, राजधानी हैदराबाद. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. दादाअब्बा त्याच गल्लीत, त्याच घरात राहिले. राजधानी तेवढी बदलली. मराठी ते फर्डं बोलत, मोंढ्यातला सगळा व्यवहार मराठीतच. पण सरकारी कागद आला की अब्बांना वाचायला सांगत आणि खाली सही उर्दूत करत.

आमच्या घराला अजून दोन राजधान्या आहेत. दवाखान्याला हैदराबाद, फाईलला मुंबई. अब्बांच्या छातीत दुखू लागलं तेव्हा कुठे न्यायचं याची चर्चासुद्धा झाली नाही. गाडी सरळ हैदराबादच्या रस्त्याला लागली. अंतर मुंबईच्या निम्मं, आणि दुखणं आपल्या बोलीत सांगता येतं. माझ्या लग्नाच्या बांगड्याही चारमिनारजवळच्या लाड बाजारातल्या. नोकरीच्या मान्यतेची फाईल मात्र हैदराबादला नेता येत नाही. ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि तीन वर्षं मी शिकवण्या घेऊन घरखर्च भागवला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आपल्यापैकी ज्यांनी अशा शाळांत वर्षं काढली आहेत त्यांना ते सांगायला नको.

लिहायचं आहे ते वेगळंच.

काही वर्षांपूर्वी उर्दू शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी मुंबईला गेले होते. गटचर्चेत कुणीतरी मला काही विचारलं आणि मी सहज "हौ" म्हणाले. आमच्याकडे 'हां' असं कोण म्हणतं? समोरच्या बाई हसल्या. "आप हैदराबाद से आई हैं?" मग सगळा गटच हसला. पुढे तीन दिवस चहाच्या वेळी कुणी ना कुणी मला 'हौ' म्हणून दाखवत होतं. (मुंबईची उर्दू काही लखनौची नव्हे, पण हे तेव्हा सुचलं नाही.) शेवटच्या दिवशी एका मराठी साहेबांशी बोलले तर ते चकित झाले. "अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता!" म्हणजे उर्दूवाल्यांना माझी उर्दू खोटी वाटली आणि मराठीवाल्यांना माझी मराठी नवलाची. परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर मला रात्रभर झोप लागली नाही.

त्यानंतर मी वर्गात फार शुद्ध बोलू लागले.

आठवीतल्या एका मुलीनं घरावर निबंध लिहिला होता. उभी राहून वाचत होती. "हमारे घर में बहोत किताबां नहीं हैं." मी तिला थांबवलं. "किताबां नहीं, किताबें." ती पुढे वाचू लागली आणि पुन्हा 'बातां', पुन्हा 'लोगां'. वर्ग हसला. मीही हसले. ती खाली बसली ती जवळजवळ महिनाभर माझ्या तासाला बोललीच नाही.

मग तिची आई शाळेत आली. शिवणकाम करते. दारातच उभी राहून म्हणाली, "मिस, बच्ची बोलरी उसकू उर्दूच नै आती. घर में तो हम उर्दूच बोलते."

त्या 'उर्दूच'मधला 'च' माझ्या कानात अडकला. तो मराठीतलाच 'च'. 'नक्को' म्हणजे मराठीतलं 'नको'. चारशे-पाचशे वर्षं शेजारी राहून आमची दखनी असं बोलायला शिकली. बी.ए.ला आम्हाला वली होता. हा दखनचा शायर; त्याचं दीवान अठराव्या शतकात दिल्लीला पोचलं आणि फारसीत लिहिणारे तिथले शायर उर्दूकडे वळले. परीक्षेत यावर मी चांगले गुण मिळवले होते. आणि ज्या दखननं दिल्लीला वाट दाखवली तिथली एक मुलगी घरची भाषा बोलली म्हणून मी तिला हसले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'नक्को', 'च' आणि 'किताबां' लिहिलं. पहिले दोन कुठून आले असं विचारलं तर मुलांनी एका सुरात सांगितलं, "मिस, मराठी से!" मी म्हटलं, घरात किताबां, पेपरात किताबें. दोन्ही तुमचेच. हे सांगताना मी स्वतः पूर्ण समाधानी नव्हते, आजही नाही. दहावीच्या पेपरात 'किताबां' लिहिलं तर गुण जातील, आणि या मुलांना गुण घालवणं परवडत नाही.

मागच्या बाकावरून तिनं हात वर केला. महिनाभरानं.

"मिस, तो आप कायकू हंसे थे?"

वर्ग चिडीचूप. मी खरं ते सांगून टाकलं, की मुंबईत मला हसले होते, मला लाज वाटली होती, म्हणून.

तिनं थोडा विचार केला. "मुंबईवाले हंसे तो उनकू बोलना था ना, मिस."

"हौ," मी म्हटलं, आणि धडा काढायला सांगितला.