वाशीचा रिक्षातळ

खाडी ओलांडून लोकल गाडी वाशीला आली ती 1992 साली. शहर मात्र सिडकोने त्याआधीच सेक्टरांत आखून ठेवले होते. घर एका सेक्टरात, बाजार दुसऱ्यात आणि स्टेशन तिसऱ्यातच! म्हणून इथल्या माणसाला तीनचाकी रिक्षेवाचून गत्यंतर नाही.

1997 साली रिक्षांचे नवे परवाने बंद झाले. रस्त्यावरची गर्दी आवरावी हा हेतू. पण कागद एकाच्या कपाटात आणि रिक्षा दुसऱ्याच्या हातात, असा जोडसंसार त्यातून फोफावला. 2017 साली बंदी उठली. (परवान्यासाठी घातलेली मराठीची अटही उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली, आम्हा मराठीच्या मास्तरांना तेवढीच हुरहूर!)

स्टेशनाबाहेर रांगेतल्या एका वयस्क चालकाला मी विचारले, "आता स्वतःचा परवाना. बरे झाले ना, मामा?"

"झालं की, साहेब. आधी मालकाला देत होतो, आता बँकेला देतो. पण तेव्हा दहा मिनिटांत नंबर लागायचा. आता अर्धा तास जातो."

चढाओढ वाढली की भाव उतरतो, असे अर्थशास्त्र सांगते. इथे भाडे सरकार ठरवते. म्हणून चढाओढीचा भार भाड्यावर न पडता ताटकळण्यावर पडतो. 2025 च्या फेब्रुवारीत किमान भाडे 26 रुपये झाले, पण अर्धा तास थांबून 26 रुपयांची सवारी कोणाला परवडावी? म्हणून रांग लांबलचक असूनही जवळच्या सेक्टराचे नाव काढताच माना हलतात, आणि हातात पिशव्या घेतलेली गृहिणी पायीच निघते.

मामांचा नंबर आला. सवारी कोपरखैरण्याची निघाली, तसा त्यांनी हसून मीटर टाकला.